जांभळ्या ठिपक्यांवरचे डाग

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उसाची गाडी ओढताना आमचा खिलार बैल घसरून पडला आणि कमरेतून बसला. मागचे पाय उचलेनात. थोरल्या भावाने लगेच बाजार दाखवायची भाषा काढली. मी ऐकलं नाही. साताऱ्याहून सैन्यातून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर आणले. ते सुया टोचून उपचार करत.

त्यांनी मणक्याच्या कडेने बोट फिरवलं. एखाद्या जागी कातडी थरथरली की म्हणायचे, "हा बिंदू. इथून मागच्या खुरापर्यंत वाहिनी जाते." सुया काढल्यावर त्या जागांवर त्यांनी जांभळ्या औषधाचे ठिपके दिले. पुढच्या खेपेपर्यंत मी तिथे अंगठ्याने दाबायचं होतं.

कुपवाडच्या कारखान्यांतली जुनी मशिनं घेऊन विकायची, हा माझा धंदा. दरासाठी भांडायचं, आवाज चढवायचा, सौदा सोडून उठायचं नाटक करायचं. गोठ्यात मात्र त्या पाठीवर अंगठा ठेवला की माझं डोकं निवायचं. बैल मान वळवून माझा खांदा चाटायचा. एका सकाळी त्याने डावा पाय आपणहून पोटाशी ओढला. गोठ्यात मी एकटाच होतो.

त्याच दिवशी मला कुपवाडला मुक्कामी जावं लागलं. परत आलो तर गोठ्यात जळक्या केसांचा वास. आमच्याकडे लंगड्या जनावराला तापल्या सळईचा डाग देतात. भावाने प्रत्येक ठिपक्यावर डाग देववला होता.

"कुणाला इचारून डागलं?"

"डाक्टरलाच की! जागा त्येनंच रंगवून ठिवल्यात्या."

"आरं दादा, त्या सुयांच्या जागा हुत्या!"

"मग? सुईपरास सळई जाड. गुण बी लय येईल."

डॉक्टर आले, पाठ बघितली आणि "भाजलेल्या कातडीत सुई घालणार नाही" म्हणून पेटी न उघडताच गेले.

पुढे बैल उठला. भावाने गावभर सांगितलं, डागानं उठला. पाय त्याआधीच हलला होता, हे मी घसा फोडून सांगितलं. लोक हसले. भाऊ अजून तेच सांगतो, आणि मी अजून भांडतो.

पण मला सलतं ते वेगळंच. बैल माझ्या हातून वैरण खायचा, हाक मारली की कान टवकारायचा. पाठीकडे हात नेला, की अंग चोरून गव्हाणीला चिकटायचा. म्हातारा होऊन गेला तोवर त्याने मला तिथे हात लावू दिला नाही.

अजून कुणाच्या दारात खिलार दिसला, की मी थांबतो. मालकाला विचारून मणक्याच्या कडेने अंगठा फिरवतो. कातडी थरथरते.

"आवं, घ्यायचाय का?" मालक विचारतो. "बोला की, काय द्याल?"

मी हात काढून घेतो आणि चालू लागतो.