एक सरकारी, एक घरची

माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मी एका शब्दानं मोडत आणलं होतं, आणि तो शब्द धड मराठीही नव्हता.

शब्द होता ‘लाइन’. आमच्या भंडाऱ्यात हा शब्द कुठंही चालतो. वीज गेली की लाइन गेली. रेशनला उभं राहायचं ते लाइनीत. पोरगा काय करतो? तर कापडाच्या लाइनमध्ये आहे! आणि तोच पोरगा कॉलेजसमोर उगाच गाडीवर घिरट्या घालत असला, तर तिथं त्याची लाइन आहे! (साहेब लोक शब्द टाकून गेले, आम्ही त्याला कामाला लावलं.)

माझा भाऊ प्रशांत घरीच मागावर साड्या विणतो. हात असा की बघत राहावं. पण स्थळं यायची, चहा प्यायची आणि ‘नोकरी नाही’ म्हणून निघून जायची. (एका घरच्यांनी तर नकार देता देता पोह्यांची कृती विचारली!) गडी पस्तिशीला टेकला. अशात लाखनीच्या मनीषाचं स्थळ आलं. दोघं फोनवर बोलले आणि हा मागावर बसून चक्क गुणगुणायला लागला! मला म्हणाला, “ताई, हे जमलं पायजे.” एवढंच. मी जवाहरनगरहून तडक माहेरी आले आणि फर्मान काढलं, “पाहुण्यांशी फक्त मी बोलणार. तू तोंड उघडायचं नाही!”

रविवारी मंडळी घर पाहायला आली. मनीषा, तिचे आईवडील आणि मामा. बोलण्याचा मक्ता मामांकडे होता. माग पाहून झाला, साड्या पाहून झाल्या, आमच्या आईनं पोहे आणले. तेवढ्यात पंखा मंदावला, विचार केल्यासारखा थबकला आणि पुन्हा फिरू लागला. मामा माझ्याकडे झुकले.

“ताई, बाकी सारं पसंत हाय. पण खरं सांगा. आमच्या कानावर आलं का तुमच्या इथं लाइनीची भानगड हाय म्हणून.”

मी पंख्याकडे पाहिलं. कोणा मेल्यानं ही चुगली केली? घटकाभर वीज जाते, तेवढ्यावरून स्थळ मोडायला निघाले लोक!

“भानगड कायची मामा? दोन-दोन आहेत आमच्याकडे!”

मामांच्या घशात पोहे अडकले. “दोन?”

“एक सरकारी, एक घरची!”

“सरकारी पण हाय?”

“हाय ना. पण तिचा भरवसा नाही. केव्हा येईल, केव्हा जाईल, सांगत पण नाही. म्हणून त घरची ठेवली!”

“अन् हे पोराले माहीत हाय?”

“माहीत काय म्हणता! त्यानंच त आणली. हप्त्यावर!”

प्रशांत कळवळला. “ताई, अवं मामा दुसरंच विचारून राहिले...”

“तू गप बस!” (फर्मान म्हणजे फर्मान.)

मनीषाच्या आईनं पदर तोंडाला लावला. “राहते कुठं ती?”

“जिन्याखाली. काहीच त्रास नाही तिचा. महिन्यातून एकदा पाणी दिलं का झालं. अन् शेजाऱ्यायले लागली त त्यायले पण देतो आम्ही. नाही कायले म्हणायचं?”

मनीषाचे वडील बशी ठेवून उभे राहिले. “चला.”

माझं काय चुकलं तेच मला कळेना! इतकी चांगली सोय सांगितली आणि माणसं चपला शोधून राहिली! प्रशांतचा चेहरा पाहवत नव्हता. आणि नेमका त्याच वेळी पंखा पुरता बंद पडला.

“थांबा!” मी दारात आडवी झाले. “सरकारी गेली! आता घरची कशी येते ते पाहूनच जा!”

सगळ्यांच्या माना एकदम जिन्याकडे वळल्या. मामांनी तर सदरा नीट केला! जिन्याखाली ‘टक्’ असा आवाज झाला आणि पंखा भरभर फिरू लागला.

आधी हसली ती मनीषा. हसता हसता खालीच बसली. “मामा, अवो त्या इन्व्हर्टरचं सांगून राहिल्या!”

मामांनी पंख्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी पोरीबद्दल विचारून राहिलो होतो वो ताई! कोण्या पोरीसंग लाइन त नाही ना म्हणून!”

मला जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. मनीषाच्या वडिलांनी ठेवलेली बशी परत उचलली. मनीषा मात्र उठून सरळ मागाजवळ गेली, साडीच्या काठावरून हात फिरवला आणि प्रशांतला म्हणाली, “हे मले शिकवाल का?” प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होता बिचारा! मी मान हलवली, तेव्हा कुठं त्याच्या तोंडून “हो” निघालं. आमच्या आईला रडू आलं, मलाही आलं.

लग्न ठरलं आहे. हॉल, जेवण, कपडे, सगळी बोलणी दोन्ही घरांत आनंदानं चालू आहेत. मलाही एक काम दिलंय. फोटोत हसायचं. फक्त तोंड न उघडता!