काळ्या हिऱ्याची रुख्माअक्का

रुख्माअक्का कुणालाही तयार अंगठी दाखवत नसत. लग्न ठरलेलं जोडपं काउंटरसमोर बसलं, की त्या आधी दोघांना हात पुढे करायला सांगत. चेहरे त्या नंतर बघत. मुलाच्या बोटांची पेरं दाबून विचारत, काम काय करतोस? मुलीला विचारत, कणीक रोज मळतेस की सुट्टीच्या दिवशी? मग कागदाच्या पुडीतून सुटा काळा खडा पांढऱ्या कापडावर ठेवत आणि म्हणत, "हा तोलून आणते. तोवर बघू नका, हात लावू नका, आवडूही देऊ नका."

तोलायला त्या माझ्याकडे येत. जळगावच्या त्या सराफी दुकानात मागच्या बाजूला एक लहानशी खोली आहे. तिथे मी सोन्याचा कस आणि खड्यांचं वजन तपासतो. एकवीस वर्षं झाली. प्रत्येक वजन मी तीनदा घेतो आणि तिन्ही आकडे जुळल्याशिवाय सांगत नाही. दुकानातल्या लोकांना याचा वैताग येतो. अक्कांना कधी आला नाही. उलट दोनदाच केलं की काय, अशी शंका आली तर त्या दारातच उभ्या राहत.

काळ्या हिऱ्याची अडचण अशी, की तो डोळ्यांना कळत नाही. पांढरा हिरा आतून उजेड फेकतो. काळ्यात उजेड शिरतच नाही. कारखान्यात बनणारा एक काळा खडा हुबेहूब तसाच दिसतो, आणि दुकानदार ज्या उष्णतेच्या पेनाने हिरा तपासतात ते पेन दोघांवरही सारखंच वाजतं. पण वजन खोटं बोलत नाही. खडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात किती वजन घटलं त्याने पहिल्या वजनाला भागायचं. हिरा असेल तर उत्तर साडेतीन येतं, नकली असेल तर तीन पूर्णांक दोन. हा भागाकार अक्कांना मी शिकवला. त्या चौथी शिकलेल्या. पिंप्राळ्याला आमच्या घरी चार रविवार येऊन बसल्या, आणि पाचव्या रविवारी माझ्या मुलीच्या गणितातली चूक काढून गेल्या.

"पांढरा हिरा स्वतःहून बोलतो, म्हणून माणूस फसतो," त्या म्हणायच्या. "काळ्याला विचारावं लागतं. नवऱ्यालाही तसंच विचारून घे बाई, बोलका असेल तर जास्तच."

अंगठी निवडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नशिराबादचं एक जोडपं आलं होतं. मुलगा गाड्यांच्या गॅरेजात कामाला. मुलीला उंच बसवलेला खडा हवा होता, फोटोत उठून दिसणारा. अक्कांनी सरळ नाही म्हटलं. स्पॅनर धरणाऱ्या हाताला उंच खडा दोन महिने टिकत नाही, आणि काळा हिरा कठीण असला तरी कडेला टवका उडतो. त्यांनी खडा खाली दाबून, भोवती पत्रा वळवून बसवायला लावला. मुलाची अम्मी मात्र काळ्यालाच नाराज होती. शादीच्या बोटात काळं कशाला, असं तिचं म्हणणं. अक्कांनी तिला स्वतःच्या गळ्यातली मोकळी जागा दाखवली. "आमच्यात काळे मणी गळ्यात घालतात, अम्मी. ते असेपर्यंतच बाई सुखात. काळं वाईट असतं, तर मी ते काढल्यावर सुखी व्हायला हवं होतं." मग दोघी बराच वेळ सांधेदुखीवर बोलत बसल्या.

एवढं असूनही अक्का प्रेमळ होत्या असं मी लिहिणार नाही. त्या काउंटरवर एकाच कामासाठी बसल्या होत्या, आणि ते मला पहिल्या वर्षातच त्यांनी सांगितलं होतं.

त्यांचे यजमान सुपडूभाऊ धुळ्याच्या जडाई गल्लीत खडे बसवायचं काम करत. गल्लीत त्यांच्यासारखा हात नव्हता, असं आजही म्हातारे कारागीर सांगतात. एका शेठने त्यांना एका साखरपुड्याच्या अंगठीसाठी काळा हिरा दिला. सुपडूभाऊंनी तो बसवून दिला. गिऱ्हाइकाने पुढे तो मोठ्या शहरात तपासून घेतला, तर नकली निघाला. शेठने सगळ्या गल्लीसमोर उभं राहून सांगितलं, "काळ्यातलं मला काही कळत नाही. पुडी आली तशी मी सुपडूला दिली. मधे हात फक्त त्याचाच."

सुपडूभाऊंना विचारलं, घेताना तोलला होतास का? त्यांनी तोलला नव्हता. त्या गल्लीत मालकाने दिलेला खडा मालकासमोर तोलणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. कुणीच तोलत नसे. पण ज्यांनी स्वतः कधी तोलला नाही, त्याच कारागिरांनी त्या दिवशी माना खाली घातल्या. त्यानंतर सुपडूभाऊंच्या हातात कुणी खडा दिला नाही. ते शिरपूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गेले आणि चौथ्या वर्षी वारले. बायकोला ते शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, की मी तोलायला पाहिजे होता.

"ते स्वतःलाच दोष देत मेले, भाऊ," अक्का म्हणाल्या. "मी नाही देणार. मी वाट बघणार."

त्या जळगावला आल्या, दुकानात आधी फरशी पुसली, मग गिऱ्हाइकांना पाणी दिलं, मग काउंटरवर बसल्या. धुळ्याची जोडपी जळगावला खरेदीला येतातच. त्यांतल्या प्रत्येकाला अक्का तोलायचं कसं ते शिकवून पाठवत आणि सांगत, गावात कुणी काळा हिरा विकत असेल तर त्याच्यासमोर असाच तोला. त्या शेठचं नाव त्या घेत नसत. घ्यायची गरजही नव्हती. सात-आठ वर्षांत त्याच्याकडे काळा हिरा मागणारं कुणी उरलं नाही. मला वाटलं, त्यांचं समाधान झालं असेल. मी तसं म्हटलं, तर त्या हसल्या. "हे तर मीठ-मिरची झालं, भाऊ. भाकर अजून यायची आहे."

ती आली एका गुरुवारी, दुपारी.

मुलगी शिरपूरची. सोबत तिचे वडील, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे, कमी बोलणारे सर. आणि तिचा होणारा नवरा, धुळ्याचा, पंचविशीतला, हसरा मुलगा. लग्नाला बारा दिवस होते. मुलाच्या घरून काळ्या हिऱ्यांच्या दोन अंगठ्या आल्या होत्या, एक त्याची, एक तिची. तिची घट्ट होत होती. मैत्रिणीने अक्कांचं नाव सांगितलं म्हणून ते आमच्याकडे आले. मुलाने डबी काउंटरवर ठेवली. झाकणावर त्या शेठच्या दुकानाचं नाव होतं. हा शेठचा मुलगा.

अक्कांचा चेहरा बदलला नाही, हे मी खोलीच्या काचेतून पाहिलं आहे. त्यांनी नेहमीचा नियम सांगितला: खडा अंगठीतून उकलून तोलल्याशिवाय आम्ही अंगठीला हात लावत नाही. मग त्यात एक भर घातली. "जोडी आहे ना. दोन्ही तोलू." मुलाची अंगठी घट्ट नव्हती. नियमाप्रमाणे ती तोलायचं कारण नव्हतं. मला ते कळलं होतं, तरी मी दोन्ही अंगठ्या आत घेतल्या.

खडे उकलण्यापूर्वी मी सरांची आणि त्या मुलाची लेखी परवानगी घेतली. मग तीन-तीनदा वजनं घेतली. मुलाचा खडा हवेत दोनशे चार मिलिग्रॅम, पाण्यात एकशे सेहेचाळीस. अठ्ठावन्न घटले. भागाकार साडेतीन. मुलीचा हवेत एकशे साठ, पाण्यात एकशे दहा. पन्नास घटले. तीन पूर्णांक दोन. मी पुन्हा तीनदा घेतलं. आकडे हलले नाहीत.

अक्कांनी कागद सरांपुढे ठेवला. सरांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून मुलाला विचारलं, हे खडे निवडले कुणी?

"पप्पांनी स्वतः," मुलगा अभिमानाने म्हणाला. "काळ्यातलं त्यांच्याइतकं धुळ्यात कुणालाच कळत नाही."

अक्का टेबलाला धरून उठल्या आणि माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. नळाखाली हात धुतले, पुसले, आणि मला म्हणाल्या, "ऐकलंत ना तुम्ही? तुमच्या कानांनी ऐकलंत ना?" मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत शेठचा फोन आला. आमच्या मालकांना, मग मला. सर लग्न मोडायच्या गोष्टी करत होते. शेठ म्हणत होता, पुड्यांची अदलाबदल झाली, तुमच्या काट्याची चूक झाली असं त्या बाईंनी सरांना सांगावं. अक्का फोन घेत नव्हत्या, म्हणून निरोप मी पोचवत होतो. त्यांचा निरोप एकच: जडाई गल्लीत या, जिथे उभं राहून बोललात तिथेच उभं राहून खरं बोला. शेठने विचारलं, मग बाई सरांना माझ्या बाजूने सांगतील ना? मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी येऊ द्या." मी तेवढेच शब्द फोनवर सांगितले. त्यात होकार नव्हता हे मला माहीत होतं. शेठने तो होकार समजला हेही मला त्याच्या सुस्काऱ्यावरून कळलं. मी दुरुस्ती केली नाही.

रविवारी सकाळी मी अक्कांबरोबर एसटीने धुळ्याला गेलो. सरांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. गल्लीतले म्हातारे कारागीर आपापल्या ओट्यांवर येऊन उभे होते. शेठ आता सत्तरीला आलेला, काठी टेकत आला. अक्कांनी त्याला बसू दिलं नाही. तो हळू बोलायला लागला, तर मागे उभ्या एका कारागिराने सांगितलं, शेठ, त्या दिवशी मोठ्याने बोलला होतात.

"सुपडू चोर नव्हता," शेठ म्हणाला. "खोटा खडा मीच दिला होता. मला माहीत होतं."

एका कारागिराने टोपी काढून हातात धरली. ज्या शब्दांसाठी एक माणूस गाठी उचलत मेला, ते म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

मग सरांनी अक्कांना विचारलं, "अक्का, तुम्ही माणसं ओळखता. मी आता काय करावं?" शेठने आशेने वर बघितलं. माझ्याही मनात आलं, की आता या म्हणतील, पोरांचं होऊ द्या.

"मुलगा वाईट नाही, सर," अक्का म्हणाल्या. "पण मुलगी त्या घरात राहणार. त्या घरात आपल्यांसाठी एक खडा असतो आणि दुसऱ्याच्या लेकीसाठी दुसरा. पुढे तुम्ही ठरवा."

सरांनी मान हलवली आणि निघून गेले. लग्न तिथेच मोडलं. शेठ काठी आपटून म्हणाला, तुम्ही शब्द दिला होता. तेव्हा अक्का त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलल्या. "मी ये म्हनं, तू उना. बाकीनं तू तुना मनथीन धरं." ये म्हटलं, तो आला; बाकीचं त्याने आपल्या मनानेच धरलं होतं.

शेठने हात जोडले. निदान माफ केलं एवढं तरी म्हणा, म्हणाला.

"माफ करानं ते मना मालकना हातमा व्हतं," अक्का सुपडूभाऊंबद्दल म्हणाल्या. "तो आते नई शे."

परतीच्या एसटीत पारोळ्याला त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मग मी म्हटलं, मुलाचा काही दोष नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या यांचा कुठे होता?" सोमवारी त्या वेळेवर दुकानात आल्या, एका जोडप्याचे हात पाहिले आणि खडा तोलायला घेऊन आल्या.

पुढे पाच वर्षं त्यांनी काम केलं. मागच्या हिवाळ्यात त्या धुळ्याच्या दवाखान्यात होत्या, तेव्हा मी भेटायला गेलो. खूप वाळल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, त्या पोऱ्याचं लग्न झालं का, चौकशी कराल? मी केली. लग्न झालेलं नव्हतं. बापाशी बोलणं टाकून तो सुरतेला निघून गेला होता, कुठे ते घरच्यांनाही माहीत नव्हतं. आईने हाय खाल्ली होती.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि सांगितलं, की झालं लग्न, मुलगी चांगली आहे, एक मूलही आहे. एकवीस वर्षांत तपासून पाहिलेल्या गोष्टीचा चुकीचा निकाल मी कधी कुणाला दिला नव्हता.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमले खोटं बोलता येत नई, भाऊ," त्या म्हणाल्या. मी खाली बघितलं. त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तरी मी आजबी तेच करसू."