शिंगं दिसली की थांबायचं

हिंगोलीच्या जुन्या छावणीमागं टेकडी आहे. तिच्या उतारावर एक सपाट पट्टी आडवी गेलेली आहे, पण खालून पाहिलं तर ती दिसत नाही. चढून गेलं की एकदम पायाखाली येते. लोक म्हणतात, कुण्या सरकारी इंजिनियरानं बांध घातला असेल. कुठला इंजिनियर? ती पट्टी पेमा राठोडनं कोरली. कागदपत्रात त्याचं नाव कुठं येणार नाही, म्हणून मी लिहून ठेवतोय.

पेमा बंजाऱ्याचा. टेकडीच्या अलीकडं त्यांचा तांडा. त्याच्या आज्याची, बापाची लदेणी होती. म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर न्यायचं. रेल्वे आली, सडका झाल्या आणि लदेणी बसली. पेमाचं लहानपण मात्र बैलांच्या तळावर, गोण्यांच्या आडोशाला झोपण्यात गेलेलं. मोठा झाल्यावर तो मातीकामाला लागला. तांड्यातली माणसं घेऊन तळी खोदायची, सडकेचे भराव टाकायचे. बाकी वेळ गाईबैल. माणूस गरीब होता, पण गरिबासारखा वागत नसे. लाल पटका असा बांधायचा की बाजारात दुरून ओळखू यावा. बोलणं मोठ्यानं, आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायची. दुसऱ्यानं करण्याची वाट तो कशाला पाहील?

तेहेतीस-चौतीसच्या सुमारास निजाम सरकारच्या नोकरीतला हॅमंड नावाचा एक साहेब हिंगोलीत राहायला आला. त्याला गोल्फचा नाद. काठीनं चेंडू टोलवत न्यायचा आणि लांबच्या भोकात घालायचा, असा तो खेळ. छावणीचं मैदान मोकळं पडलेलं, तिथं साहेबानं पाच भोकं केली. आमच्याकडं हिरवळ कुठून टिकणार? म्हणून भोकाभोवती वाळूत जळकं तेल कालवून, दाबून गुळगुळीत चौक केले. त्या दिवसांत आम्हाला दहा माणसांची सभा घ्यायची तर परवानगी लागायची, आणि ह्याला एका चेंडूसाठी अख्खं मैदान मिळालं! एवढ्यावर भागलं नाही. त्याला टेकडीपण पाहिजे झाली.

कारण मैदान सपाट. साहेब मुकादमाला, संतरामला, म्हणाला की सपाटीवर जोर लागतो, अक्कल लागत नाही. सहावं भोक टेकडीवर पाहिजे, जवळ पण उभं. मारणारा खाली ओट्यावर उभा राहील. त्याला वरच्या चौकाचा नुसता काठ आणि निशाणाचं टोक दिसेल. जवळ आहे म्हणून तो हलकं मारेल आणि फसेल, कारण चढ अंतर खाऊन टाकतो. जोरात मारेल तर चेंडू टेकडीपलीकडं. एकाच टोल्यात वर जाऊन थांबला पाहिजे, अशी ती परीक्षा.

आता टेकडीच्या पलीकडं तांड्याचा पाणवठा. एका अंगाला खडकाळ नाला, दुसऱ्या अंगाला लोकांची शेतं. जनावरं पाण्याला जायची तर टेकडीच्या खांद्यावरूनच. साहेबानं हुकूम काढला, टेकडीवर जनावरं बंद.

पेमा सरळ बंगल्यावर गेला. "साहेब, वाट बंद केली तं माझी जनावरं पाणी कुठं पितील? तुमच्या बंगल्यात येऊ का घेऊन?"

साहेबाला हिंदुस्थानी येत होती. त्याला राग आला नाही, उलट त्यानं सौदा केला. वरचं काम तू घे. काम पसंत पडलं आणि मला खालून गवतावर एकही जनावर दिसलं नाही, तर वाट राहील. काम बिघडलं, वाट गेली.

पेमानं सौदा घेतला. संतराम त्याला सांगू लागला, "वरची जागा सपाट पाह्यजे बरं का. चेंडू थांबला पाह्यजे."

"मला सपाट शिकवून राहिला? आमच्या सात पिढ्या जमीन सपाट करून तिच्यावर निजल्या."

तांड्यानं टेकडीचा माथा तासला, खडक फोडला, चोपून काढला, वर तेलवाळू अंथरली. संतरामनं वर येऊन पाय आपटून पाहिले आणि मान हलवली. पहिल्या खेळाला साहेबानं परभणीहून पाहुणे बोलावले.

साहेबानं ओट्यावरून टोला मारला. चेंडू उंच गेला आणि चौकावर बराबर पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो चेंडू हळूच चौकाच्या काठावर आला, जरा थांबल्यासारखा झाला आणि उतरायला लागला. गवतावरून गडगडत थेट साहेबाच्या बुटापाशी. दुसरा मारला, तोही परत. पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसायला लागले. पेमाची बायको जिवनबाई वर बायकांत उभी होती, तिनं कशाला रुमाल लावावा?

"चांगल्या वळणाचा हाय गं," ती मोठ्यानं म्हणाली, "गाईसारखा आपला आपण घरी येऊन राहिला!"

साहेब लालबुंद होऊन वर चढला. "ये क्या बनाया?"

"सपाट," पेमा म्हणाला.

साहेबानं चेंडू चौकावर ठेवला. चेंडू निघाला. पेमानं तो पाहिला, पण त्यात काय वाईट आहे ते त्याला खरंच कळेना. त्यानं घागर मागवली आणि चौकावर ओतली. पाणी झर्रकन पुढच्या काठावरून उतारावर गेलं. "पाहा. एक थेंब थांबत न्हाई. असं काम कोण करून देईल?"

लदेणीच्या लोकांची चूक आहे ही, दुसऱ्या कुणाची होणार नाही. तळ पडला की गोण्या उतरवून भिंतीसारख्या रचायच्या, आत माणसं, लेकरं. पाऊस आला आणि खाली पाणी साचलं तर धान्य कुजलं. म्हणून तळाची जागा उताराकडं जराशी कललेली करायची, डोळ्यांना न दिसेल इतकी. पेमाच्या बापानं त्याला ती पायांनी ओळखायला शिकवलेली. त्याच्या लेखी ज्या जमिनीवर पाणी थांबतं ती खड्ड्याची, आणि ज्या जमिनीवरून जातं ती सपाट. संतरामनं नुसतं सपाट म्हटलं, आणि पेमानं बापाचं सपाट केलं.

साहेबानं तिथंच सांगितलं, पुढच्या बाजारापर्यंत नीट कर, नाहीतर नांदेडची माणसं येतील. मग वाट विसर.

पेमा घरी आला तो धुमसत. जिवनबाईनं भाकर वाढली नाही.

"जेवण मागून राहिला? उद्या जनावरांला काय पाजशील, तुझी तारीफ?"

"माझं चुकलं न्हाई. त्याचा खेळच उलटा हाय."

"मंग उलटं कर की. तिथं का तुझ्या बापाचे दाणे ठेवायचे हायेत? चेंडू ठेवायचा हाय."

हे मला पेमानंच पुढं सांगितलं, आणि सांगताना तो कधी नव्हे तो हळू बोलला. म्हणाला, "तवर मी जमिनीला एकच गोष्ट इचारत आलो, तुझ्यावरून काय जातं? तुझ्यावर काय ऱ्हातं, हे इचारलंच न्हवतं. आमी लोक ऱ्हाणारे कुठं व्हतो? आज इथं, उद्या तिथं. ऱ्हायची जमीन कशी करावी, हे मला कोण शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी तो साहेबाकडं गेला आणि म्हणाला, "तुमाला कशी पाह्यजे ते वर येऊन दाखवा." त्याच्यासारख्या माणसाला एवढं म्हणणं जड गेलं असणार. साहेब आला. आपल्या खेळातलं त्याला चांगलं कळत होतं. पुढचा काठ उचला, मागं मातीचा उंचवटा घाला, म्हणजे चौक ताटलीसारखा चेंडू धरील. पेमा म्हणाला, ताटलीत पाणीपण धरेल, पहिल्या पावसात तुमची वाळू वाहून जाईल. मग दोघांनी मिळून एका बाजूला चर आखला. चेंडू राहावा आणि पाणी जावं, दोन्ही एका जागी. भांडत भांडत केलं, पण केलं.

काठ उचलायला माती पाहिजे. माथ्यावर तर नुसता खडक. पेमानं चौकाच्या खालीच उतार आडवा कोरला आणि तिथला मुरूम वर चढवला. कोरत गेला तसतशी उताराच्या पोटात टेकडीच्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी पडत गेली, दोन बैल जोडीनं जातील एवढी. हे त्यानं ठरवून केलं का, असं मी त्याला कितीदा विचारलं. "माती लागली म्हणून कोरलं, कोरलं म्हणून वाट झाली," एवढंच सांगून तो मिशीत हसायचा. ज्याला समजायचं त्यानं समजावं.

बाजाराच्या आदल्या दिवशी साहेब पाहुण्यांशिवाय, फक्त पेमाला घेऊन ओट्यावर आला. पहिला चेंडू चौकावर पडला आणि राहिला. दुसरा आखूड पडला, उतारावरून खाली यायला लागला आणि मध्येच गडप झाला. साहेब धावत वर गेला. चेंडू पट्टीवर बसला होता. तो ओरडलाच, पण खुशीनं. त्याच्या मुलखात अशी पायरी मुद्दाम ठेवतात म्हणे. कमी पडलेल्याला शिक्षा व्हावी, पण पार पायथ्याशी फेकून देऊ नये. तो खाली आला आणि तिसऱ्यांदा काठी उचलली.

काठी तशीच राहिली. समोरच्या गवतातून शिंगं चालली होती. गाय नाही, बैल नाही, नुसती शिंगं. लांब, वळणदार, एकामागून एक, टेकडीच्या छातीवरून आडवी.

"वो क्या है?"

"वाट," पेमा म्हणाला. "गवतावर जनावर दिसायला नको, असं तुमी म्हटलं व्हतं. दिसून राहिलं का?"

"सींग दिखता है!"

"शिंगाचं बोलणं झालं न्हवतं, साहेब."

साहेबानं काठी खाली टेकली. शेवटचं शिंग गेलं तेव्हा म्हणाला, "ठीक है. सींग दिखेगा तो हम रुकेगा." त्यानं ओट्यापाशी पत्र्याची पाटी लावून घेतली. तिच्यावर शिंगांची जोडी रंगवलेली.

आणि खरंच थांबायचे. मोठे मोठे हाकीम काठी खाली टेकून उभे राहायचे. कुणी बडा पाहुणा आला की पेमा जनावरं मुद्दाम सावकाश हाकायचा. जिवनबाई पट्टीच्या टोकावरून ओरडायची, "आज काय जनावरांच्या पायांत बेड्या पडल्या?"

अडतीसच्या सत्याग्रहात मी तुरुंगात जाऊन आलो आणि तांड्यावर गेलो. पेमाला म्हणालो, "साहेबाच्या खेळापायी राबतोस, लाज वाटत नाही? उद्या राज्य आपलं येईल."

"येऊ द्या. तुमच्या सभेला मी आलतो. मला जागा कुठं दिली? जोडे काढतात तिथं. इथं साहेब उभा ऱ्हातो अन् माझी गाय चालते. तुमी थांबाल का आमच्या गाईसाठी?"

माझं डोकं फिरलं, मी उठून निघून आलो. साहेबाचा खेळ हा साहेबाचाच खेळ, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण त्याचा प्रश्नही माझ्याबरोबर आला तो कुठं गेला नाही.

सत्तेचाळीसला साहेब आपल्या मुलखात परत गेला. मग रझाकारांचं वर्ष. तांडा कधी घरी, कधी रानात. भोकं बुजली, चौकांवर काटेरी झुडपं आली, पाटी कुणीतरी उचलून नेली. वाट तेवढी चालत होती, कारण गाईंना राज्य कुणाचं ते कळत नाही. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं.

त्या दिवाळीनंतर गोपीचंद अडत्या, आमच्या नव्या समितीतला पुढारी, टेकडी पाहायला निघाला. मीपण बरोबर. टेकडीला तारेचं कुंपण घालायचं, झाडं लावायची, माथ्यावर झेंड्याचा चौथरा बांधायचा. खांब येऊन पडले होते. पायथ्याशी पेमा उभा होता, आता तांड्याचा नायक, केस पिकलेले, पटका तोच.

"नायक, आता जनावरं इकडून बंद हं," गोपीचंद म्हणाला. "देशाचं काम आहे."

गोपीचंदानं वर चढायला पाय उचलला, तसा पेमानं हात आडवा केला.

"थांबा, शेट. शिंगं दिसून राहिली."

दिवस कलला होता. गवत माणसाच्या गुडघ्याएवढं वाढलेलं, आणि त्यातून शिंगं निघाली होती. गोपीचंदानं माझ्याकडं पाहिलं.

"हे काय नवीन?"

"नवीन नाही," मी म्हणालो. "इथं थांबतात. साहेबसुद्धा थांबायचा." मी हललो नाही.

गोपीचंद थोडा वेळ चुळबुळला, मग खांबांकडं पाहिलं, परत वर पाहिलं. गड्याला हाक मारून म्हणाला, "तार त्या वाटेच्या वरून घ्या रे. खालून नको." आणि पुन्हा निघाला.

"अजून थांबा," पेमा म्हणाला. "मागची गाय लंगडी हाय. तिला येळ लागतो."

आम्ही थांबलो.