करडीचं तेल प्यालेलं इंजिन

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा अहमदपूरच्या बाजारात पेढे वाटले म्हणतात. आमच्या गावात तेव्हा वाटायला पाणीसुद्धा नव्हतं. टँकर यायचा, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा. मग बायका आमच्या विहिरीत उतरायच्या. तळाशी पाणी होतं, पायऱ्या मात्र अर्ध्यापर्यंतच. त्याखाली नुसता ओबडधोबड खडक. त्या खडकावरून माझी माय घागरीसकट घसरली आणि तिचा हात मोडला. निरोप मिळाल्याबरोबर मी नांदेडच्या गॅरेजातून पाने-हातोड्या पिशवीत भरल्या आणि एस.टी.त बसलो.

कारण विहिरीच्या मध्यावर, खडक फोडून केलेल्या ओट्यावर, आबांचं इंजिन होतं. ते चाललं असतं तर कुणाला खाली उतरावंच लागलं नसतं. पण ते पार जाम होऊन बसलं होतं.

हे इंजिन शेतीचं नव्हे, बोटीचं. आबा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या बाजूला गोदावरीवर इंजिनाची नाव चालवायचे. पूल झाला आणि नाव बंद पडली. फळ्या जळणाला गेल्या, आबांनी इंजिन तेवढं मागून घेतलं आणि बैलगाडीत घालून गावी आणलं. नदीत नाव ढकलायला घडवलेलं ते धूड आमच्या कोरड्या रानात उसाला पाणी पाजू लागलं. आबा त्याच्याशी जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशी कधी बोलले नाहीत. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू?

पुढे पाणी खाली गेलं, उसाला पुरेल एवढं उरेना, तसं इंजिन बंद राहिलं. आबांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. दर दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि डिझेल फवारणारं वरचं नोजल खोलून त्या भोकातून वाटीभर तेल. आमच्याकडे याला इंजिनाला तेल पाजणं म्हणायचे.

मी पोचलो तेव्हा माय ओसरीवर गळ्यात हात बांधून बसली होती. आबा म्हणाले, "गंज नसंल बघ. म्या एक दसरा चुकू दिला न्हाई."

मला मात्र गंजाचीच खात्री होती. विहिरीतली ओल आणि इतकी वर्षं बंद. आणखी काय असणार? हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवलं, आत डिझेल आणि रॉकेल ओतून मुरत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा घातला, चाकात पहार अडकवून लोंबकळलो. केसभर हलेल तर शपथ! वर काठावर बायका वाट बघत उभ्या, खाली त्यांच्याच दोघीतिघी खडकाला धरून उतरत होत्या. उतरणारीच्या पायाकडे बघवत नव्हतं. मी जोर वाढवला असता तर पिस्टन फुटला असता, आणि बोटीचा पिस्टन मराठवाड्यात कुठून आणायचा?

चिडून मी सिलिंडरच्या कडेला नख घातलं. नखाखाली लाल नव्हे, पिवळट चिकट काही आलं. कढईच्या काठाला जो चिकटा धरतो, घासून घासून निघत नाही, तो. वास घेतला आणि ओळखला.

करडीचं तेल. आबा दर दसऱ्याला घाण्यावरचं ताजं, चांगलं, घरात फोडणीला जपून वापरायचं ते तेल त्याला पाजत होते. मशीनचं काळं तेल देवाच्या दिवशी कसं द्यायचं, म्हणून. आणि करडीचं तेल लोखंडावर सुकत सुकत डिंकासारखं धरतं. इंजिन गंजानं जाम झालं नव्हतं. आबांच्या मायेनं झालं होतं.

"काय हाय रे?" आबांनी वरून विचारलं.

"गंज हाय, आबा. ओल लागली."

 त्यांना ते पटलं असं धरून मी सुटकेचा श्वास सोडला.

पण चिकटा रॉकेलनं सुटत नाही. धुण्याचा सोडा घालून उकळतं पाणी ओतावं लागलं, आणि मग ब्लोलॅम्पची ज्वाळा घेऊन सिलिंडर चहूबाजूंनी शेकावा लागला. लोखंड तापलं तसा वास सुटला. विहीरभर, काठापर्यंत, पार गल्लीत. वर कुणीतरी हसत म्हणालं, "भजी कोन तळून राहिलं विहिरीत?"

मी मान वर केली. आबा काठावर होते. हसणाऱ्या बायकांच्या मधे ते एकटे हसत नव्हते. मग ते वळले आणि घराकडे गेले.

त्याच दुपारी पिस्टन सुटला. त्याच्या रिंगा घासून बसवल्या, हेड चढवलं, हँडल मारलं. खोकत खोकत इंजिनानं धूर सोडला आणि पाइपातून गढूळ पाणी वर आलं. बायकांनी गलका केला. माय एका हातानं घागर धरून सगळ्यांत पुढे होती. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, कारण काठावर आबांची जागा रिकामी होती.

घरी आलो तर ते म्हणाले, "चाललं नव्हं? चांगलं झालं." तेलाचं नावही काढलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्याला मी मुद्दाम रजा काढून आलो. गल्लीतल्या बायका हार घेऊन आमच्या आधीच विहिरीवर हजर होत्या. इंजिन आता एकट्या आबांचं राहिलं नव्हतं. हार घातला, कुंकू लावलं. शेजारच्या काकूंनी तेलाची वाटी आबांपुढे धरली. "पाजा की आबा, तुमच्या हातानं."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नगं," ते म्हणाले. "माझा हात त्याला सोसत न्हाई."