भावाचा स्वेटर

धुळ्यात हिवाळ्यात सकाळी मैदानावर चालायला गेलं की ती पोरगी पळताना दिसायची. पोलीसभरतीची तयारी करत होती. नाव मी कधी विचारलं नाही. अंगात भावाचा जाड लोकरी स्वेटर. पळताना घामाघूम व्हायची आणि थांबली की ओल्या लोकरीत कुडकुडायची.

एकदा मी तिला अडवलं. "अगं, पळायला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पातळ टी-शर्टवर पळ. कान तेवढे झाक."

ती हसली. "माले माहीत शे मावशी. हाऊ स्वेटर थंडीसाठे नई, लोकेससाठे शे. टी-शर्टवर पळी तं लोके टकमक देखतस."

"आणि भरतीच्या दिवशी?"

"त्या दिन काढी टाकसू."

भरतीनंतर भेटली तेव्हा नजर खाली होती. तिनं सांगितलं, तिच्या गावातून भरतीला उतरलेली ती पहिलीच मुलगी, म्हणून जीप भरून माणसं कौतुकानं बघायला आली होती. कुंपणाशी सगळे ओळखीचे चेहरे. तिला स्वेटर काढवेना. धावण्याची वेळ थोडक्यात हुकली.

काय घालून पळायचं हे तिला आधीपासून कळत होतं. बोलायला हवं होतं जीपमधल्या माणसांशी, की पोरगी टी-शर्टवर पळणार, त्यात वावगं काही नाही; आणि ते कोणीच बोललं नाही.