मधे काय झालं?

एसटीच्या विठ्ठलवाडी डेपोत मी वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारणारा माणूस. त्या दुपारी मुरबाड गाडी फलाटाला लागत होती आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे दादा, माझा मोठा भाऊ. "शकू गेली रे," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि मुरबाड गाडी पुकारली. फलाट क्रमांकसुद्धा बरोबर सांगितला, असं डेपोतले लोक नंतर म्हणाले. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माईक बंद करताना कानात वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, मधे काय झालं?" शकूवहिनीचा हा प्रश्न आमच्या घरात दर जानेवारीत ऐकू यायचा, आणि तो असायचा मॅरेथॉनबद्दल.

मुंबईत ती मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि आम्हाला तिचं वेड लागलं. आम्हाला म्हणजे मला आणि लच्छूला. लच्छू उल्हासनगरचा केबलवाला, माझा जुना दोस्त. आम्ही दोघंही धावणारे नव्हे. डेपोचा जिना चढताना मला धाप लागते आणि लच्छूचं पोट त्याच्या आधी दारातून आत येतं. पण शर्यतीच्या काही दिवस आधी पेपरात परदेशी धावपटूंची यादी आली, की अंबरनाथला दादाच्या घरी आमची बैठक बसायची आणि कोण जिंकणार यावरून आम्ही एकमेकांची अक्कल काढायचो. नावं जिभेवर बसत नसत म्हणून आम्ही आमचीच नावं पाडली होती. एक केनियाचा उंच गडी, तो झिराफ. एक नुसता मागं राहून सगळ्यांवर नजर ठेवत धावायचा, तो मुकादम. मी पेपरातल्या वेळा तोंडपाठ करून बोलायचो, तर लच्छू धंद्याच्या भाषेत. "अडे, झिराफ पिछले साल का माल है. शोरूम में अच्छा दिखता है, रोड पे नहीं चलेगा," असं म्हणून तो माझी दोन तासांची तयारी मोडीत काढायचा. दादा कोपऱ्यात बसून ऐकायचा. तो केमिकल कंपनीत पाळीवर जायचा आणि घरी आल्यावर मोजून चार शब्द बोलायचा.

पहिल्याच वर्षी वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि विचारलं, "तुमच्या यादीत बाया नाहीत का?" होत्या. यादीच्या शेवटी, बारीक अक्षरात. मी वाचून दाखवल्या. शर्यतीच्या दिवशी टीव्हीवर तिनं त्यांतली एक निवडली, इथिओपियाची, काटकुळी, धावताना डावं कोपर बाहेर काढणारी. "कमरेला कळशी धरल्यासारखी धावते बघा. ही आमच्या जांभूळची." जांभूळ हे वहिनीचं माहेर, बदलापूरजवळचं. तिथून ती कुळगावच्या शाळेत पळत जायची आणि धावण्यात तालुक्याला पहिली आली होती, एवढं मला माहीत होतं. पुढं जिल्ह्याला गेली का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मधे लग्न झालं ना." त्या दिवसापासून त्या इथिओपियन बाईचं नाव जांभूळची, आणि वहिनी आमच्या वादातली तिसरी. तिची बाजू कधी बदलली नाही. जांभूळची कधी जिंकली नाही आणि वहिनीनं कधी दुसरी निवडली नाही. आम्ही खूप चिडवायचो. "वहिनी, तुमची जांभूळची यंदा तरी शेवटपर्यंत पोचेल का, की रिक्षा पाठवू?" ती म्हणायची, "तुमच्या झिराफाला पाठवा, त्याची मान दुखत असेल."

पण तिचं खरं भांडण आमच्याशी नव्हतंच, कॅमेऱ्याशी होतं. शर्यत सुरू झाली की सगळा वेळ पुरुष. मधेच कधी बायका दाखवायचे, चौघी-पाचजणी एकत्र, त्यात जांभूळची असायचीच. वहिनी पुढं सरकून बसायची. आता कोण सुटतंय, कोण मागं पडतंय, असं वाटेपर्यंत चित्र परत पुरुषांवर. मग पुरुषांचा शेवट, त्यांच्या मुलाखती, हारतुरे, आणि परत बायका दिसायच्या तोवर एकटीच कुणीतरी पुढं असायची. जांभूळची कुठंच नाही. वहिनी उठायची, टीव्हीच्या डोक्यावर तळव्यानं एक थाप मारायची आणि ओरडायची, "इकडं बघ ना रे! इकडं!" ते त्या कॅमेरावाल्याला असायचं. मग आमच्याकडं वळून, "भाऊजी, मधे काय झालं?" आता मला काय माहीत? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या तिघींची नावं यायची. सहावी का सातवी, ती कधी आणि कुठं मागं पडली, हे कोण छापतं!

एकदा ती लच्छूवरच घसरली. "वायर तुझ्या हातात, पिक्चर तू बदलतोस, मग कॅमेरा तेवढा बायकांकडं फिरवायला काय होतं?" लच्छूनं कपाळाला हात लावला. "भाभी, ऊपर से जो आता है वही मैं छोड़ता हूँ." तिचा विश्वास बसला नाही. फर्माईश केली की तिच्या आवडीचा सिनेमा लावणारा माणूस हे करू शकत नाही, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. लच्छू आळशी आहे, असा तिनं निकाल दिला.

आमच्या वस्तीत जयंतीला बायकांची धावण्याची शर्यत असते. पदर खोचून, विहारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. वहिनी दरवर्षी पहिली, आणि बक्षीस दरवर्षी स्टीलचा डबा. गेल्या वर्षी ती उतरली नाही. "पाय दुखतोय," म्हणाली. पुढच्याच महिन्यात रुपालीचं, तिच्या मुलीचं, लग्न होतं, म्हणून दमली असेल असं आम्ही धरून चाललो. लग्नाचं शूटिंग लच्छूनं स्वतः केलं. सगळीकडं सीडी आली तरी त्याचा खांद्यावरचा कॅमेरा कॅसेटचाच होता, आणि त्याच्यावर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम होतं. ती कॅसेट आम्ही सगळ्यांनी कितीदा पाहिली असेल. जावई नाचताना पडतो, ते तर मागं-पुढं करून.

पावसाळा संपता संपता वहिनीचा हात सुजला. काखेतली गाठ तिनं तेव्हा दाखवली... तीही दादाला नाही, शेजारणीला. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागद बघितले आणि आम्हा दोघा भावांना विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात?" मी माणसांना गप्प करणारा माणूस आहे, डेपोत माझ्याशी कुणी वाद घालत नाही. त्या खोलीत मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत बसलो. दादा खाली बघत उभा होता. वहिनीच म्हणाली, "लग्न होतं ना घरात. म्हटलं, ते पार पडू दे."

पुढचे महिने मी काय केलं नाही? बदलापूरच्या एका वैद्याचा काढा आणला. विहारात बसून ज्या गोष्टींवर माझा विश्वास नाही त्या मागितल्या. बुद्धानं कुणाला काही देत असल्याचं कधी सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मागितल्या. आणि शेवटी हॉस्पिटलानं सांगितलं, की आता घरीच ठेवा, त्यांना आवडतं ते करू द्या.

जानेवारी आला होता. आवडतं ते म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. पेपरात यादी आली तेव्हा ती आधी मी डेपोत एकट्यानं वाचली. जांभूळचीचं नाव नसलं तर मी घरी कोणत्या तोंडानं जाणार होतो? होतं. अगदी खाली होतं, पण होतं. त्या संध्याकाळी वहिनीच्या खाटेपाशी बैठक बसली आणि आम्ही जीव तोडून भांडलो. ती भांडावी म्हणून भांडलो. लच्छूनं मुद्दाम काडी टाकली. "भाभी, अब वो बुढ्ढी हो गई. इस बार बीच में ही बैठ जाएगी." वहिनीचा आवाज खोल गेलेला होता, तरी ती उशीवरून वर झाली. "बुढ्ढी असेल तुझी केबल. बसायची नाही ती. लिहून घे." दादा स्वयंपाकघरात निघून गेला. बराच वेळ तिकडं नळ चालू होता.

निघताना लच्छूनं मला जिन्यात गाठलं. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी जागा उरलीय, ती दे, म्हणाला. नवी कॅसेट आता बाजारात मिळत नव्हती. का, ते त्यानं सांगितलं नाही.

रविवारी सकाळी टीव्ही लावला. लच्छू आलाच नव्हता, कॅसेट घेऊन कुठं गायब झाला म्हणून मी त्याला शिव्या घालत होतो. बायका दोनदा दिसल्या. दुसऱ्यांदा जांभूळची पुढच्या चौघींत होती, कोपर बाहेर. वहिनीनं माझं मनगट धरलं. आणि चित्र पुरुषांवर गेलं. नेहमीसारखंच गेलं, पण मला तो टीव्ही उचलून गॅलरीतून फेकावासा वाटला. वहिनीला उठता येत नव्हतं. "भाऊजी, तुम्ही मारा," ती म्हणाली. मी उठून टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. माझी थाप तिच्याइतकी बसली नाही.

लच्छू संध्याकाळी आला. चेहरा उन्हानं रापलेला, खांद्याला कॅमेरा. पहाटेपासून तो पेडर रोडच्या चढावर उभा होता. "भाभी, वायर मेरे हाथ में नहीं. पर कॅमेरा तो है," असं म्हणून त्यानं कॅसेट लावली. चित्र हलत होतं, समोर लोकांची डोकी येत होती. पुरुष गेले. बराच वेळ रिकामा रस्ता. मग तिघी आल्या आणि गेल्या, आणि मागून जांभूळची. चढाच्या मध्यावर ती कडेला आली आणि थांबली. बरगडीवर हात दाबून वाकली. ओकली. मनगटानं तोंड पुसलं. कुणी बघतंय का, म्हणून एकदा मागं पाहिलं... आणि कोपर बाहेर काढून परत धावायला लागली. लच्छूला लग्नात रडणाऱ्या माणसांवर कॅमेरा धरून ठेवायची सवय, म्हणून हे सगळं आलं.

"परत दाखव," वहिनी म्हणाली. परत दाखवलं. "परत." मग तिनं डोळे मिटले. "थांबली, आणि निघाली. टीव्हीवाल्यांना पत्तासुद्धा नाही."

मी त्या वाक्याला लटकलो. माणूस असा कशालाही लटकतो. "वहिनी, बघितलंत ना? निघता येतं. थांबून परत निघता येतं. तुम्ही पण..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "भाऊजी, तिच्यापुढं रस्ता शिल्लक होता," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. पुण्यानुमोदनाला वहिनीच्या माहेरची माणसं आली, रुपाली आली, वस्तीतल्या बायका आल्या. प्रत्येकजण वहिनीबद्दल काही ना काही बोलला. सोशिक होती, हसतमुख होती, कधी तक्रार नाही. मला ते ऐकवत नव्हतं. तक्रार करायला हवी होती तिनं. घर डोक्यावर घ्यायला हवं होतं!

परवा दादाकडं गेलो. तो टीव्हीसमोर बसला होता, ती कॅसेट लावून. रोज लावतो, असं शेजारीण म्हणाली. जांभूळची वाकते, पुसते, निघते. संपलं की दादा कॅसेट मागं घेतो. त्या दिवशी त्याचं बोट बटणावर राहून गेलं आणि कॅसेट फार मागं गेली, पार रुपालीच्या लग्नात. मांडव, पंगत, जावई नाचतोय, पडतोय. आता बंद कर म्हणणार, एवढ्यात दादानं माझा हात धरला.

जावयाच्या मागं, मांडवाच्या खांबापाशी, चित्राच्या अगदी कडेला वहिनी होती. हातातलं लाडवांचं ताट तिनं खुर्चीवर ठेवलं. काखेखाली हात दाबून वाकली. पदरानं तोंड पुसलं. कुणी बघतंय का, म्हणून एकदा मागं पाहिलं... हे आम्ही कितीदा पाहिलं होतं. प्रत्येक वेळी जावयाकडं बघून हसलो होतो.

तिनं ताट उचललं. त्याच वेळी चित्र हललं, कॅमेरा नवरीकडं वळायला लागला. दादा उठला. उभ्या आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माझा भाऊ. त्यानं टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली, अगदी तिच्यासारखी बसली, आणि ओरडला, "इकडं बघ ना रे! इकडं!"

पडद्यावर रुपाली हार हातात घेऊन हसत होती.