धाकटा मरतो झकास

दरवर्षी शहराबाहेरच्या मैदानात जुनी लढाई पुन्हा लढली जायची आणि त्या खोट्या लढाईचे फोटो थोरला काढायचा. धाकटा त्यात शिपाई होऊन मरायचा. मरायचा मात्र झकास.

खऱ्या लढाईत आईचे वडील गेले होते आणि त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून तिने कोसळणाऱ्या धाकट्याचाच फोटो बैठकीच्या खोलीत लावला. आल्यागेल्याला सांगायची, "बाबा अस्सेच पडले असतील. काय जीव ओतलाय पोराने." फोटो कुणी काढला, हे कुणी विचारायचं नाही. तो टिपायला चिखलात पालथा पडलेल्या थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राबायचं आपण आणि मिरवायचं याने.

यंदा त्याने कॅमेरा धाकट्याच्या गळ्यात अडकवला, गणवेश स्वतः चढवला आणि छातीवर हात दाबून असा कोसळला, की गुडघा सोलवटून निघाला.

आईने चष्मा पुसून तो फोटो बराच वेळ न्याहाळला. तिचे डोळे भरून आले. थोरला श्वास रोखून उभा होता.

"पहिल्यांदाच कॅमेरा हातात धरला माझ्या धाकट्याने," ती म्हणाली, "आणि फोटो बघ कसा काढलाय."